जहाजावरची चौथी जागा

“वहिनी, आईजवळचा फोन तुम्ही घ्या बरं. अन खरं सांगा, आईले जहाज झेपन का नाई?”

पायलचा आवाज स्पीकरवरून साऱ्या स्वयंपाकघरात भरला होता. पंचफुलाबाई ओट्याशेजारी खुर्चीवर बसल्या होत्या आणि तान्हं मूल धरावं तसा त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला होता. लेकीचा फोन आला की सासूचा चेहरा कसा होतो ते निशिगंधाला पाठ होतं, तरी पोळी लाटता लाटता तिने पाहिलंच. मग गॅस बारीक केला, हात धुतले आणि फोन घेतला.

“कोनतं जहाज?”

“मोठ्ठं, वहिनी! मुंबईहून निंगते अन पाच दिवसानं परत. फॅमिलीवालं हाये ते, तीन पिढ्याईचं. लेकराईसाठी हत्ती-माकडाचे सोंग घेतलेले लोक रायतात, आजी अन नातीचा जोडीनं नाच रायते. सम्यकाच्या शाळेतल्या दोन पोरी जाऊन आल्या. आता ती मांगंच लागली, माह्या आजीले घ्या म्हनून. आमच्या खोलीत चार खाटा हायेत. आम्ही तिघं अन आई.”

चार खाटा. निशिगंधाला मोजायला वेळ लागला नाही.

“पासष्टच्या वरच्या मानसाईले डॉक्टरचं पत्र लागते. ते तं कोनीबी देईन. पन मले तुमचं मत पाह्यजे,” पायल म्हणाली. “तुम्ही हो म्हनलं तं बुक करतो, नाई म्हनलं तं विषय बंद. तुमच्याएवढं आईचं आंग कोनाले मालूम हाये? रविवारपर्यंत सांगा.”

“पाहून सांगतो,” निशिगंधा म्हणाली.

फोन बंद झाला तरी पंचफुलाबाई त्या काळ्या काचेकडे पाहत राहिल्या. मग स्वतःशीच हसल्या.

“तुह्या सासऱ्यासंगं एक डाव मुंबईले गेलती मी, सहा डिसेंबरले. चैत्यभूमीच्या मांगंच समुद्र. हे गेले चपला काढून, पँट वर करून पान्यात. मी पिशव्या धरून उभी. म्हनलं, तुम्ही या, मंग मी जातो. तं तेवढ्यात गावचे लोक हाका मारू लागले, चला, गाडी निंगते म्हनून. रायलंच माहं.”

निशिगंधाने ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. सोळा वर्षं ती या घरात होती. सासरे गेले, त्यालाही अकरा वर्षं झाली. पावसाळ्यातल्या कितीतरी दुपारी दोघी याच खोलीत डाळ निवडत बसलेल्या. तेव्हा कधी निघाली नाही ती गोष्ट पायलच्या एका फोनने बाहेर आली. तव्यावरची पोळी करपली.

दारातून बारा वर्षांची सुरभी म्हणाली, “चारच खाटा काहून? मी आजीजवळ झोपली असती.”

“तुही शाळा हाये,” निशिगंधा म्हणाली.

“नाताळाची सुट्टी रायते, आई.”

“गृहपाठ झाला काय तुहा?”

सुरभी पाय आपटत निघून गेली. निशिगंधाने करपलेली पोळी आपल्या ताटात ठेवली.

घर बोरी अरबला होतं; तिथून पाच किलोमीटरवरच्या एका गावात आरोग्य उपकेंद्र होतं आणि निशिगंधा तिथे नर्स होती. आजूबाजूच्या चार गावांत तिला नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे सिस्टर म्हणत, म्हातारी माणसं नर्सबाई म्हणत. नवरा इंद्रजित दारव्हा आगारात एसटीचा ड्रायव्हर. पायल इंद्रजितची धाकटी बहीण. शिकून पुण्याला गेली, तिथेच लग्न झालं आणि तिथलीच झाली. वाईट मुलगी नव्हती ती. हेच निशिगंधाला अवघड जात असे. भांडकुदळ, लोभी, आईला विसरलेली नणंद असती तर मनाला एक सरळ वाट मिळाली असती.

चार वर्षांपूर्वी पंचफुलाबाईंची डावी बाजू गेली होती. बोलणं जड झालं, हात मांडीवर मेल्यासारखा पडून राही. सहा महिने निशिगंधाने त्यांचं सगळं अंथरुणात केलं. सकाळी ड्युटीवर जाण्याआधी अंग पुसायचं, कूस बदलून द्यायची, आणि संध्याकाळी आल्यावर सुरभीचा रबरी चेंडू त्यांच्या मुठीत देऊन शंभर वेळा दाबून घ्यायचा. “सोड ना व, दुखते,” म्हणून पंचफुलाबाई रडकुंडीला येत, शिव्याही देत. निशिगंधा सोडत नसे. मग पायल दोन दिवसांसाठी आली, एक चकचकीत वॉकर घेऊन. त्यानंतर आठवड्याभरात पंचफुलाबाई त्या वॉकरला धरून उभ्या राहिल्या. गल्लीतल्या बाया पाहायला आल्या तेव्हा त्यांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, “माह्या पायलनं मले उभं केलं व माय.”

निशिगंधा मागच्या अंगणात त्यांचं धुतलेलं लुगडं दोरीवर टाकत होती. ते वाक्य तिच्या कानावर आलं आणि तिने लुगडं झटकलं, पुन्हा झटकलं, वाळत घालायचं सोडून झटकतच राहिली. त्या दिवशी आपल्याला राग आला होता असं ती पुढे स्वतःला सांगत असे. राग नव्हता तो.

ती यवतमाळला नर्सिंगच्या होस्टेलवर असताना तिची स्वतःची आई वारली. लग्न झाल्यावर सगळ्या सुना सासूला आई म्हणतात तशी तीही म्हणू लागली. फक्त तिने ते खरं धरलं.

मंगळवारी उपकेंद्रात लसीकरण होतं. दुपारी बायका पोरांना घेऊन गेल्यावर निशिगंधाने मोबाइलवर पायलने पाठवलेलं माहितीपत्रक उघडलं. रंगीत चित्रं होती. पांढरंशुभ्र जहाज, कठड्याशी उभे आजी-आजोबा, त्यांच्या गळ्यात पडलेली नातवंडं. ती एकेक ओळ वाचत गेली. जिने फार असतील, असं तिला वाटलं होतं. प्रत्येक मजल्यावर लिफ्ट होती. आईंना खाली बसायचा संडास चालत नाही, तर तिथे खुर्चीचाच होता, धरायला दांडीसुद्धा होती. जेवण? वरण-भातापर्यंत सगळं. फार चालावं लागेल, तर चाकाची खुर्ची मागावी तेव्हा मिळणार. शेवटी तिने दवाखाना शोधला. तोही होता, चोवीस तास डॉक्टरसह.

तिची एकेक शंका ते जहाज पुसून टाकत होतं आणि तिला बरं वाटण्याऐवजी चीड येत होती.

आशासेविका लीलाबाई लशीचा डबा पुसत होती. तिने वाकून चित्र पाहिलं. “बापा! हे काय लग्नाचा हॉल हाये काय?”

निशिगंधाने सांगितलं.

“मंग जाऊ द्या ना बुढीमायले. जलमभर कापूस येचला त्याईनं. पाहू द्या थोडं जग.” मग थांबून, सहज, “अन तुमाले नाई नेत?”

“खोलीत चारच खाटा हायेत.”

“हो काय,” लीलाबाई म्हणाली आणि डबा पुसू लागली. त्या ‘हो काय’मध्ये काही नव्हतं. पण निशिगंधाला ते दिवसभर ऐकू येत राहिलं.

घरी येताना दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. वेचणाऱ्या बाया रांगेने वाकलेल्या. स्कूटी चालवताना तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येत होतं: पंचफुलाबाई परत आल्यात, गल्लीतल्या बाया भोवती बसल्यात, आणि त्या सांगताहेत, “माह्या पायलनं मले समुद्र दाखवला.” मग पुढची दहा वर्षं तेच. दवाखान्यात, लग्नात, बारशात. आणि आपण मागच्या अंगणात.

संध्याकाळी तिने बीपीचं मशीन काढलं. पंचफुलाबाईंनी ब्लाउजची बाही वर सारून हात आधीच पुढे केला होता. निशिगंधाने पट्टा बांधला, कानात नळ्या घातल्या, हवा भरली आणि काट्याकडे पाहिलं. एकशे अठ्ठावीस, खाली ऐंशी. पंचफुलाबाईंच्या वयात कोणालाही हेवा वाटावा असं.

“किती हाये व?”

निशिगंधाने कानातल्या नळ्या काढल्या. ती हे आधी ठरवून बसली नव्हती. निदान तिला तसं वाटत होतं.

“एकशे साठ.”

“मायबाई!” पंचफुलाबाईंनी हात मागे घेतला. “असं कसं? मले तं काईच होत नाई.”

“बीपीचं तसंच रायते, आई. समजत नाई. जहाज डोलते, उलट्या होतात, अन एकदा तुमचं झालेलं हाये. भर समुद्रात काई झालं तं?”

“अजून रविवार पडला हाये ना,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “कमी होईन.”

बुधवारी त्यांनी मिठाची वाटी स्वतःच्या हाताने फळीवर मागे सारली. ठेचा बंद केला. लोणच्याची बरणी सुरभीपुढे ढकलली. सकाळी साडेसहाला निशिगंधा अंगण झाडत होती तेव्हा तिला बुद्धविहाराच्या बाजूने काठीचा आवाज आला. पंचफुलाबाई विहाराभोवती फेऱ्या मारत होत्या. डावा पाय किंचित ओढत, ओठ घट्ट मिटून, मफलर कानावरून घेतलेला. एक फेरी झाली की विहाराच्या पायरीवर क्षणभर हात टेकत आणि पुन्हा निघत.

“किती झाल्या?” घरी आल्यावर सुरभीने विचारलं.

“बारा. उद्या पंधरा.”

निशिगंधा झाडू घेऊन उभी राहिली. चार वर्षांपूर्वी ती हात जोडत असे, आई, दारापर्यंत तरी चला, दहाच पावलं. तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडत. आज पायलसाठी बारा फेऱ्या. मायेची सगळी फेड एका बाजूलाच का जाते, असं तिच्या मनात आलं आणि तिने कचरा जोरात उंबऱ्याबाहेर लोटला.

संध्याकाळी पंचफुलाबाईंनी पुन्हा बाही वर केली. “पाह्य व, कमी झालं काय?”

एकशे सव्वीस होतं.

“एकशे अठ्ठावन्न.”

“दोनच?” त्यांनी गोळ्यांच्या पाकिटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “गोळी वाढवू काय? सकाळी एक घेतो, संध्याकाळी अजून एक घेईन.”

निशिगंधाने गोळ्यांचं पाकीट आपल्याकडे ओढलं. “नाई नाई. गोळी तेवढीच. गोळीले हात नका लावू.”

“बरं,” पंचफुलाबाई म्हणाल्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, नेहमीपेक्षा थोडं जास्त वेळ. मग बाही खाली केली.

गुरुवारी हात पुढे आला. शुक्रवारी आला. दोन्ही दिवस निशिगंधाने पट्टा बांधला, काटा पाहिला आणि दुसराच आकडा सांगितला. दर वेळी तिला वाटे, आज सांगावं, मशीनचं काहीतरी चुकत होतं, आता बरोबर झालंय. शब्द तोंडात तयार असत. पण त्याच वेळी फोन वाजे, पायलचा. सम्यका पलीकडून ओरडे, “आजी, आपण दोघींनी हिरवा ड्रेस घालायचा हं नाचात!” आणि पंचफुलाबाई हसत हसत डोळे पुसत. तयार शब्द निशिगंधा गिळून टाकी.

शनिवारी इंद्रजितला सुट्टी होती. तो अंगणात दाढी करत होता. “मंग काय ठरवलं तू? पायलचा मले दोनदा फोन आला.”

“तुम्हाले काय वाटते?”

“मले काय कयते त्यातलं. आई खुश हाये एवढं दिसते.” आरशात पाहत त्याने गालावरून ब्लेड फिरवलं. “पन तू म्हनशीन तेच. तुह्यामुळं बुढी वाचली, मले मालूम हाये.”

हे वाक्य तिला पाच दिवस आधी कोणी म्हटलं असतं तर? ती त्याच्या मागे उभी होती. आरशात तिला आपला अर्धा चेहरा दिसत होता. “नाई झेपनार त्याईले,” ती म्हणाली.

रविवारी सकाळी तिने पायलला फोन केला. बीपी उतरत नाही, एकदा झटका येऊन गेलेला आहे, पाच दिवस पाण्यावर, जोखीम नको. ती नर्ससारखी बोलली, एकही शब्द अडखळला नाही. मग पायल नाक ओढत म्हणाली, “बरं वहिनी. तुम्ही म्हनता म्हनजे तसंच असन. बरं झालं तुम्ही हायेत तथी. मी नेली असती अन काई झालं असतं तं?”

पंचफुलाबाई दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. त्या आत गेल्या आणि पलंगावर बसून मफलरची घडी घालू लागल्या. घडी नीट बसली तरी पुन्हा उलगडून घालत होत्या.

त्या संध्याकाळी त्यांनी बाही वर केली नाही. निशिगंधाने मशीन काढलं होतं, तसंच डब्यात ठेवलं.

दोन दिवसांनी पायलने कळवलं, की जागा रिकामी जाऊ नये म्हणून रजतच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, आईला नेत आहेत. त्यांनाही कुठे जायला मिळत नाही. इंद्रजितने ते जेवताना सांगितलं.

“चांगलं झालं,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “नातीले आजी पाह्यजेच.” आणि भातावर मीठ घेतलं, चिमूटभर, मग अजून चिमूटभर.

नाताळाच्या आठवड्यात फोटो येऊ लागले. पायल कुटुंबाच्या ग्रुपवर टाकत असे आणि सुरभी ते आजीला उघडून देई. कठड्याजवळ सम्यका, माकडाचं सोंग घेतलेल्या माणसाच्या कडेवर. लांबच लांब जेवणाचं टेबल. एका व्हिडिओत रजतची आई, हिरवी साडी नेसून, नातीचा हात धरून गोल फिरत होती. अंग जड असल्याने तिला धाप लागली होती, पण ती हसत होती आणि मागून लोक टाळ्या वाजवत होते.

पंचफुलाबाईंनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. निशिगंधा समोर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिने मान वर केली आणि सासूचा चेहरा पाहिला. ओठ एका बाजूला दाबलेले, डोळे बारीक, गळ्याची शीर ताठ. तो चेहरा निशिगंधाला चांगला ओळखीचा होता, जरी तिने तो कधी बाहेरून पाहिला नव्हता.

“साडी काई सोभत नाई तिले,” पंचफुलाबाई म्हणाल्या आणि फोन पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून येताना निशिगंधा बसस्टँडजवळच्या मेडिकलमध्ये थांबली. सुरभीला खोकला होता. दुकानदार लखन तिला चांगला ओळखत होता. बाटली कागदात गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, “सिस्टर, मशीन सुधरलं काय तुमचं?”

“कोनतं मशीन?”

“बीपीचं. आई सांगत होत्या, बिघडलं म्हनून. डिसेंबरच्या सुरवातीले तीन रोज लागोपाठ आल्या ना इथं. मी म्हनलं, घरात नर्स असून अथी कायले येता? तं म्हने, तिचं मशीन बिघडलं, तिले सांगू नोको, उगाच नवीन घ्याले धावन.” लखन हसला. “पन फिट हाये बुढीमाय. तिन्ही डाव एकशे तीसच्या आत. तुमचीच मेहनत म्हना.”

निशिगंधाने बाटली घेतली. ती स्कूटीजवळ आली, किल्ली लावली आणि तशीच उभी राहिली. समोर एक एसटी आली, माणसं उतरली, चढली, एसटी गेली. तीन रोज. म्हणजे गुरुवार, शुक्रवार, शनिवार. त्याच गुरुवारी संध्याकाळी बाही वर केली होती आईंनी. शुक्रवारी पण. सकाळी इथे खरा आकडा ऐकायचा आणि संध्याकाळी घरी खोटा.

घरी आली तेव्हा पंचफुलाबाई अंगणात खाटेवर बसून सोललेले तुरीचे दाणे पाखडत होत्या. सुरभी शिकवणीला गेली होती. निशिगंधाने पर्स काढली नाही, चपला काढल्या नाहीत.

“आई, लखनच्या दुकानात गेलत्या तुम्ही?”

सूप थांबलं नाही. “गेलती.”

“मले काहून नाई म्हनलं?”

“काय म्हनू?” पंचफुलाबाईंनी फुंकर मारून फोलपट उडवलं. “गावात कोनाचं एकशे साठ निंगालं तं तू त्याले गाडीवर बसवून दारव्ह्याले नेतं. मले म्हनलं, गोळी तेवढीच. तवाच माह्या मनात पाल चुकचुकली. तरी म्हनलं, मशीन बिघडलं असन. म्हनून पाहून आली.”

“मंग…” निशिगंधा एक पाऊल पुढे आली. “मंग रोज हात काहून पुढं करत होत्या?”

आता सूप थांबलं.

“म्हनलं, आज सांगन. आज नाई तं उद्या सांगन.”

निशिगंधा खाटेच्या कडेवर बसली.

“तुम्ही तुमच्या पोराले सांगू शकत होत्या. पायलले तरी.”

“अन मंग? चार गावची लोकं आपलं लेकरू तुह्या सुईखाली देतात. नर्स सासूचं बीपी खोटं सांगते, हे एकडाव तोंडातून निंगालं असतं तं कोन आलं असतं तुह्याजवळ? पायल तं तुह्या शब्दावर डोळे मिटून भरोसा ठेवते.” त्या दाण्यांतला एक किडका दाणा शोधून बाजूला टाकत म्हणाल्या, “घराचं काम हाये ते. घरातच रायलं पाह्यजे.”

निशिगंधा रडू लागली. रडता रडता जे बोलायचं नव्हतं तेच बाहेर आलं. “सहा महिने मी केलं तुमचं. चेंडू मी दाबून घेतला. अन तुम्ही साऱ्या गल्लीले सांगतलं, पायलनं उभं केलं म्हनून. माहं नाव नाई घेतलं. एकबी डाव नाई घेतलं, आई.”

पंचफुलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. खरोखरच नवल वाटल्यासारखं.

“ते मनात ठेवलं काय तुनं? चार वर्सं?” मग हळूच, “लेक दूर रायते. नाव घेतलं नाई तं ती मनातून निंगून जाते. तू तं घरातच होती व. हाताजवळ. जी हाताजवळ हाये तिचं कायले नाव घ्याचं?”

निशिगंधाने डोळे पुसले. “पुढच्या वर्षी मी नेतो तुम्हाले. आपन सारेच जाऊ.”

पंचफुलाबाईंनी सूप उचललं, दाणे पातेल्यात ओतले, तळाचा चुरा अंगणातल्या चिमण्यांसाठी भिरकावला. उठताना काठी चाचपली आणि उभं राहिल्यावर, आत जाता जाता, पाठमोऱ्याच म्हणाल्या,

“पन मले जायाचं होतं, निशा.”

रात्रीच्या जेवणाला तुरीच्या दाण्यांची आमटी होती. इंद्रजितने दोनदा मागून घेतली आणि आज एवढं सगळं शांत का, म्हणून विचारलं. सुरभीला खोकला आहे, असं दोघी एकदमच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी निशिगंधा ड्युटीवर निघाली तेव्हा दारासमोरच्या उन्हात गल्लीतल्या तीन-चार बाया बसल्या होत्या. मध्ये पंचफुलाबाई. हातात फोन. निशिगंधाने स्कूटी फाटकाबाहेर काढली आणि डब्याची पिशवी हुकाला लावली.

“तुमी काहून नाई गेल्या व मावशी?” एकीने विचारलं. “एवढं लेक बलावत होती तं.”

निशिगंधाचा हात किल्लीवर थांबला.

“मलेच नाई जायाचं होतं,” पंचफुलाबाई म्हणाल्या. “सून म्हने, जा, जा, मी पत्र आनून देतो. पन मीच म्हनलं, पाच रोज नुसतं पानी कोन पाह्यते?”

बाया हसल्या. एकीने निशिगंधाकडे पाहून कौतुकाने मान हलवली. निशिगंधाला तिथून निघता येईना आणि थांबताही येईना. ती पदर पुन्हा पुन्हा खोचत राहिली.

पंचफुलाबाई बोटाने फोटो सरकवत होत्या. “हे माहे जावई. हे पायल, चष्मेवाली. हे नात. अन हे सारं जहाज, पाहा, केवढं हाये, आपला बाजार बसन यात.”

“अन हे हिरव्या साडीची कोन?”

बोट त्या फोटोवर थांबलं. उन्हात काच चमकत होती म्हणून पंचफुलाबाईंनी दुसऱ्या हाताने तिच्यावर सावली धरली आणि फोटो सगळ्यांना दिसेल असा पुढे केला.

“माही विहीन,” त्या म्हणाल्या. “माह्याच वयाची हाये.”